भगवानरावच्या रेडिओची शिट्टी

गीताबाईला रोज सकाळी एक खोड होती. पाळण्यातली लेक जागी झाली की तिच्या पाठीमागून ती पितळी वाटीवर चमचा वाजवायची. पोरीनं मान वळवली की हिचा जीव भांड्यात. वर्षाची पोर, कान ठणठणीत. तरी वाटी वाजवल्याशिवाय या घरात चूल पेटत नसे. ज्या घरच्या धन्याचे दोन्ही कान फौजदाराच्या पंजानं फोडले, त्या घरातल्या बाईनं कानाचा भरवसा धरावा तरी कसा?

वडनेर भोलजीत पहिला रेडिओ वाजला तो गीताबाईच्या नवऱ्याच्या, निवृत्तीच्या ओट्यावर. त्यानं स्वतः जोडलेला, खोक्यात बसवलेला. दिवेलागणीला अर्धं गाव त्याच्या ओट्यावर लढाईच्या बातम्या ऐकायला बसायचं, आणि भगवानरावच्या ओसरीवर, जिथं पिढ्यान्पिढ्या पान-सुपारी चालायची, तिथं सतरंजी मोकळी पडायची. बेचाळीसची धामधूम सुरू झाली, तसा भगवानराव नांदुऱ्याला जाऊन फौजदाराला सांगून आला, "निवृत्ती नुसता ऐकत नाई, हवेतून बातम्या फेकते. चळवळ्यायले." निवृत्तीच्या खोक्यात फेकणारं काही नव्हतंच. पण फौजदाराला यंत्रातलं काय कळतं? त्यानं खोकं फोडलं, आणि "कोणाले पाठवतो, बोल" म्हणत निवृत्तीच्या दोन्ही कानशिलांवर टाळ्या वाजवाव्यात तसे हात वाजवले. सुटून आला तेव्हा निवृत्तीला आपली बायको रडते आहे हे दिसलं. ऐकू आलं नाही.

वर्ष उलटायच्या आत भगवानरावनं अकोल्याहून रेडिओ आणला. लायसन काढलं. सतरंजी पुन्हा भरली.

निवृत्ती मात्र कडू झाला नाही, आणि गीताबाईला तेच सोसवत नव्हतं. तो घड्याळं, शिवणयंत्रं, विजेऱ्या दुरुस्त करी. कोणाचा रेडिओ आला तर कर्ण्यावर बोटं टेकवून आतली धडधड ओळखी. लोकांचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचायचं ते गीताबाईच्या बोटातून. ती त्याच्या तळहातावर अक्षरं काढी, तो मोठ्यानं उत्तर देई. स्वतःचा आवाज कळत नसल्यानं जरा जास्तच मोठ्यानं.

एका दुपारी भगवानराव दारात उभा राहिला. गीताबाईनं पदर डोक्यावर ओढला, पोर कडेवर घेतली.

"काय वं सूनबाई, कारभारी हाय का?"

"हाय ना, मामाजी. बसा."

"बसत नाई. त्याले इचार, माहा रेडिओ शिट्टी काऊन मारून राह्यला? बातम्या सुरू झाल्या का कुईऽऽ करते." आणि त्यानं ओठांचा चंबू करून शिट्टी मारून दाखवली.

गीताबाईला शिट्टीचं कारण ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी निवृत्तीनंच तिला शिकवलं होतं. त्या जातीच्या रेडिओला आवाज वाढवायची एक काळी चाबी असते. ती बेतानं फिरवावी लागते. हावरेपणानं पुढं नेली की ऐकणारं यंत्रच हवेत लहरी फेकू लागतं; शिट्टी उठते, आणि ती आसपासच्या प्रत्येक यंत्रात जाऊन घुसते. अन् भगवानरावचा हात कशातच बेतानं चालणारा नव्हता.

चाबी मागे घ्या, एवढंच सांगायचं होतं.

निवृत्तीनं तळहात पुढे केला. तिनं लिहिलं: *बॅटरी लवकर उतरते म्हणतात.*

निवृत्तीनं भगवानरावच्या ओठांकडे बोट दाखवलं. "अन् ते तोंड काऊन तसं करून राह्यले?"

तिनं लिहिलं: *उन्हातून आले. फुंकर मारतात.*

"बॅटरी पुरी भरून आणा!" निवृत्ती गरजला. "अन् छपरावरची तार उंच बांधा, चांगली लांब!"

भगवानराव दचकला. "अन् शिट्टीचं?"

आता गीताबाईनं नवऱ्याला विचारलंच नाही. पदराआडून नम्रपणे म्हणाली, "शिट्टी म्हणजे स्टेशन जवळ आलं, मामाजी. भेवाचं काम नाई. काळी चाबी होईल तेवढी पुढं फिरवजा. शिट्टीच्या पलीकडे साफ ऐकू येते."

"असं काय!" भगवानराव खूश होऊन गेला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या छपरावर दोन उंच बांबू उभे राहिले, आणि संध्याकाळी शिट्टी वेशीपर्यंत ऐकू आली.

बॅटऱ्या भरायला नांदुऱ्याला नेणारा हबीब टांगेवाला आठवड्यानं दारात थांबला.

"भाभी, नांदुऱ्याच्या स्टेशनाजवळ फौज उतरली ना, बिनतारीवाली? त्यायच्या गाड्या इकडच्या रस्त्यानं फिरून राह्यल्या. म्हणते, रोज शामको कोणीतरी बीचमें शिट्टी मारते. जासूस असंन म्हणते. ढूंढून राह्यले."

"सापडला का मग?"

"तारेची चौकट घेऊन फिरते ना ते! जिकडून शिट्टी जोरात, तिकडे निघाले. बच के कहाँ जाईन?"

गीताबाईनं त्याला पाणी दिलं, गूळही दिला. तो गेल्यावर पोरीला इतकं घट्ट धरलं की पोर रडली. आपलं नाव निघालं तर? पोरीला कोण पाहील? अजून वेळ होती. भगवानरावच्या ओसरीवर जाऊन चाबी मागे घ्या म्हटलं की मिटलं असतं. ती उंबऱ्यापर्यंत गेलीसुद्धा. मागे निवृत्ती एका घड्याळाला कान लावून बसला होता, जुन्या सवयीनं. मग लक्षात येऊन त्यानं ते हळूच खाली ठेवलं. गीताबाई उंबऱ्यावरून परत फिरली.

दोन दिवसांनी दिवेलागणीलाच लष्कराची गाडी गावात शिरली. पुढे गोरा साहेब, चौकट धरलेला हवालदार, संगं नांदुऱ्याचा फौजदार. हा नवा होता. चौकट फिरवत फिरवत ते थेट भगवानरावच्या ओसरीपुढं उभे राहिले. आत रेडिओ किंचाळत होता आणि माणसं शिट्टीच्या पलीकडचं साफ ऐकू येण्याची वाट पाहत बसली होती.

"कोणाचं यंत्र?" फौजदारानं विचारलं.

"माहं, साहेब. लायसन हाय!"

"ऐकायचं लायसन. पाठवायचं कोणी दिलं?"

फौजदारानं गावातला जाणकार विचारला, आणि निवृत्तीला बोलावणं आलं. गीताबाई पोरीला कडेवर घेऊन त्याच्या बाजूला उभी राहिली.

"इचार त्याले. हे यंत्र पाठवते का?"

तिनं प्रश्न जसाच्या तसा तळहातावर काढला. निवृत्तीनं कर्ण्याला बोटं टेकवली. एकसारखी, न तुटणारी थरथर. त्यानं चाबीकडे पाहिलं. ती पार टोकाला होती. मग त्यानं गीताबाईकडे पाहिलं. बराच वेळ.

"हो!" तो मोठ्यानं म्हणाला. "चाबी इतकी पुढं गेली का पाठवते. पण मुद्दाम नाई केलं, साहेब. अज्ञान हाय. मांगं घेतली का बंद." त्यानं चाबी मागे घेतली. शिट्टी थांबली आणि एकदम, स्वच्छ, कोणीतरी गहू आणि रेशनबद्दल बोलू लागलं.

"हिनं!" भगवानराव ओरडला. "या बाईनं सांगतलं मले, पुरी फिरवा म्हणून!"

सगळ्यांच्या माना वळल्या. गीताबाईनं पदर खाली ओढला आणि नजर जमिनीला लावली.

फौजदारानं साहेबाला भाषांतर करून सांगितलं आणि स्वतःच हसत सुटला. "अहो, एवढे मोठे तुम्ही! अन् बिनतारीची अक्कल मागायला बायकांच्या पदराआड गेले? कोण मानंन हे?"

सतरंजीवरून कोणीतरी फिसकन् हसलं. मग दुसरा. भगवानरावनं पुढचा शब्द गिळला. गिळावाच लागला. गावादेखत तेच पुन्हा म्हणणं त्याला जेलपेक्षा जड होतं.

शिपायांनी रेडिओ उचलला, तार ओढून काढली, बांबू पाडले. भगवानरावला चौकशीसाठी दोन शिपायांच्या मधे गाडीत बसवलं. फौजदारानं त्याच्या कानाला हातही लावला नाही. उलट चढताना आधार दिला. गीताबाई ते शेवटपर्यंत पाहत होती. एवढं एक राहून गेलं, असं तिला वाटलं.

घरी येताना निवृत्ती वाटेतच थांबला. "त्या दिवशी त्यानं शिट्टीचंच इचारलं होतं ना?"

त्यानं तळहात पुढे केला. अंधारून आलं होतं. तिला 'नाही' लिहिता आलं असतं. त्यानं मानलंही असतं. तिनं लिहिलं: *हो. मीच सांगितलं फिरवायला.*

त्यानं मूठ मिटली आणि पुढे चालू लागला. जेवताना हात भाकरीलाच लावला, तिच्याकडे केला नाही. गीताबाईनं वाढलं, पोरीला पाजलं, निजवलं. रुसवा किती दिवस टिकेल कोण जाणे. टिकला तर टिकू दे. ती ओट्यावर येऊन बसली. भगवानरावच्या ओसरीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. दोन्ही कान भरून ती ते ऐकत राहिली.