ताई ‘काढ’ म्हणायची तेव्हा

मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्याने आधी स्वतःची ओळख करून द्यायची असते. माझी पंचाईत तिथेच सुरू होते. मी फड्या निवडुंग आहे आणि वयाने बराच जुना आहे, एवढे नक्की. पण मी कुंपण आहे, शोभेचे झाड आहे की भाजी आहे, हे मला आजवर कुणी एका वाक्यात सांगितलेले नाही. माझ्या चपट्या हिरव्या पानांना सगळे पाने म्हणतात. शेजारच्या शाळेतल्या बाई एकदा परसात डोकावल्या आणि म्हणाल्या, "ही पानं नव्हेत, हे खोड आहे. पानं म्हणजे हे काटे." तेव्हापासून तर माझा घोळ आणखीच वाढला आहे.

माझा मूळ मालक कोण, कुणास ठाऊक. मला आठवते ती ताई. ती चामड्याच्या हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. शेजारच्या मशीनवरच्या बाईने एक दिवस तिला वर्तमानपत्रात गुंडाळून एक पान दिले. ते पान म्हणजे मी. "लाव, वाढेल. कोवळं असताना खाता येतं," एवढेच ती बाई म्हणाली.

घरी पुडके उघडले तेव्हा ताईचा धाकटा भाऊ वाकून वाकून पाहू लागला. तो रंगारी होता, लोकांची घरे रंगवायचा. "ताई, हा चपलेचा तळ कुणाचा उचलून आणलास?" त्याने विचारले. वहिनी, म्हणजे त्याची बायको, पुढच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करून द्यायची. ती हातातली इस्त्री उभी करून आली, एक बोट लावून पाहिले आणि "आई गं!" म्हणून परत गेली. घरात माझे स्वागत असे झाले.

त्यानंतर ताईने जे केले ते मला मुळीच कळले नाही. तिने मला लावले नाही. पाणीही दिले नाही. खिडकीच्या कट्ट्यावर मला आठ दिवस नुसते आडवे टाकले. मला वाटले, संपले आपले. नंतर तिने भावाला सांगताना मी ऐकले, की कापलेली जागा वाळल्याशिवाय मातीत घातले तर पान कुजते. म्हणजे ती दुर्लक्ष करत नव्हती, काळजी घेत होती! पुढेही तसेच. पाणी घालायला येणारे सगळे मला चांगले वाटायचे आणि ताई त्यांच्यावर ओरडायची. "त्याला जास्त माया लावू नका, मरेल तो." आता सांगा मित्रांनो, अशा बाईला काय म्हणावे?

मी परसाच्या भिंतीपाशी वाढलो. एका पानावर दोन, दोनांवर पाच. तिसऱ्या वर्षी मी भाऊच्या खांद्याला लागलो. एके सकाळी ताई कारखान्यातले नापास हातमोजे घालून आणि सुरी घेऊन आली. जीव मुठीत धरून बसावे म्हणतात, पण मला मूठही नाही. तिने माझी तळहाताएवढी कोवळी पाने एकेक करून कापली आणि प्रत्येक वेळी म्हणाली, "शहाणा माझा तो!"

त्या दिवशी स्वयंपाकघरात फार गोंधळ झाला. सुरी तिरपी धरून ताईने काटे खरवडले. मोठे काटे निदान दिसतात. त्यांच्या बुडाशी असलेली कुसळे केसाहून बारीक असतात आणि बोटात शिरली की सापडत नाहीत. त्यासाठी तिने प्रत्येक पान चिमट्यात धरून गॅसवर झरझर फिरवले. कडा कापल्या, पट्ट्या केल्या, मिठाच्या पाण्यात उकळल्या. पातेल्यात भेंडीसारखी तार सुटली.

"वन्सं, हे जेवायचं आहे की पोस्टर चिकटवायचं आहे?" वहिनीने विचारले. नणंदेला ती वन्सं म्हणायची.

"गप गं. धुतलं की जाईल ते."

धुतल्यावर खरेच गेले. मग कांदा, मिरची आणि दोन अंडी घालून तिने पट्ट्या परतल्या. भाऊने पहिला घास नाक धरून खाल्ला. दुसरा नाक सोडून खाल्ला. तिसऱ्या वेळी त्याने ताट पुढे केले. "आंबट आहे गं थोडं. पण बरं आहे!" तेव्हापासून दर आठवड्याला माझी काढणी होऊ लागली. जितकी पाने कापली तितकी नवी फुटली, आणि जितकी फुटली तितके माझे कौतुक झाले. मला आवडतात ती माणसे मला कापतात आणि न आवडणारी लांबून बघतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

मग एक दिवस ताई कारखान्यातून चालत आलीच नाही. तिला उचलून आणले. अर्धांगाचा झटका होता. उजवा हात गेला आणि बोलणेही गेले. पुष्कळ दिवसांनी तिच्या तोंडून शब्द आला तो एकच. "काढ."

एवढ्या मोठ्या भाषेतून तिच्याकडे तेवढाच उरला होता. पाणी हवे असले तरी काढ, उशी सरकवायची असली तरी काढ. आणि मित्रांनो, हा शब्दही कसला फसवा! फोटो काढतात, गाणे काढतात, झोप काढतात, आठवण काढतात, समजूत काढतात आणि घरातून बाहेरही काढतात. एकदा ती तिचा चष्मा मागत होती. "काढ, काढ," म्हणत भाऊच्या तोंडाकडे बोट करत होती. त्या बिचाऱ्याने स्वतःचा चष्मा काढून ठेवला आणि दिवसभर चाचपडत फिरला. सगळे हसले. ताईही हसली, पण नंतर तिने भिंतीकडे तोंड केले. आपले म्हणणे कुणाला कळत नाही, हे तिला कळत होते. मला तिची फार दया आली.

तिची खाट परसाच्या खिडकीशी होती. ती रोज सकाळी डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवायची. "काढ. काढ!"

भाऊने दहा दिवस ऐकले. शेवटी तो वहिनीला म्हणाला, "अगं, तिला तो निवडुंग डोळ्यांसमोर नको आहे. काटे बघून घाबरत असेल. काढून टाकू."

"तिनंच लावलाय तो," वहिनी म्हणाली.

"म्हणून तर! ती स्वतः सांगतेय काढ म्हणून. आणखी कसं सांगायचं तिनं?"

वहिनी पुन्हा इस्त्रीकडे वळली. मी मात्र घोळात पडलो. ताईला मी खरेच नकोसा झालो होतो का? इतकी वर्षे शहाणा म्हटले ते मग कोणाला?

दुसऱ्या दिवशी एक मजूर कुदळ घेऊन आला. पहिला घाव बसला आणि खिडकीतून ताई ओरडली, "काढ! काढ! काढ!" ती खाटेवर अर्धी उठली होती. भाऊ म्हणाला, "बघा, किती खूश झाली! मारा जोरात." मजुराने मारले. दुपारपर्यंत माझे शंभर तुकडे होऊन मागच्या फाटकापाशी पडले होते, आणि ताईचा आवाज बसला होता.

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनीने पेज भरवायचा प्रयत्न केला तर तिने ओठ घट्ट मिटले. भाऊ हात चोळत दारात उभा राहिला. तिसऱ्या सकाळी वहिनीने इस्त्रीचे काम सुरू केलेच नाही. ती खाटेवर बसली आणि शांतपणे विचारू लागली.

"वन्सं, मी एकेक विचारते. हो असेल तर हात दाबा. फोटो काढू?" काही नाही. "गाणं काढू?" काही नाही. "कुणाची आठवण काढताय का?" ताईच्या डोळ्यांतून पाणी आले, पण हात हलला नाही.

वहिनी उठली. बाहेर येऊन तिने ढिगातले एक कोवळे पान चिमट्याने उचलले, तिसऱ्या दिवशीही ते हिरवेगार होते, आणि ताईसमोर धरले. "काटे काढू? भाजीसाठी?"

ताईने तिचे मनगट असे पकडले की पान खाली पडले. ती मान हलवत राहिली, हो, हो, हो.

वहिनीने ढिगातून सापडली तेवढी सहा कोवळी पाने आणली. काटे खरवडले, कुसळे भाजली, पट्ट्या उकळून धुतल्या, तव्यावर परतल्या. तिच्या चार बोटांत कुसळे गेली, पण ती हूं की चूं न करता भरवत राहिली. ताईने ताट संपवले.

"मला काय माहीत?" भाऊ रडवेल्या आवाजात म्हणाला. "तिनं सांगायला हवं होतं."

"तिनं सांगितलं होतं," वहिनी म्हणाली. "दहा दिवस रोज सांगितलं होतं. आपण एकदाही विचारलं नाही."

भाऊ धावत फाटकापाशी गेला. पण तोवर कचऱ्याची गाडी ढीग भरून निघून गेली होती. नाल्याच्या कडेला एक पान उरले होते. त्याने ते आणले, आठ दिवस खिडकीत वाळवले आणि रंगाच्या रिकाम्या डब्याला भोके पाडून त्यात लावले. ते पान म्हणजे मी. की तो वेगळा होता आणि मी वेगळा? मी एक आहे की गाडीतून गेलेले सगळेही मीच? मी फार विचार केला. डोके कुठे आहे तेच ठाऊक नसल्यामुळे तोही अर्धवट राहिला.

डबा ताईच्या खाटेजवळ ठेवला होता. दोन महिने मी नुसता उभा होतो. मग माझ्या कडेला एक अंगठ्याएवढा कोंब फुटला. तो हळूहळू वाढला, तळहाताएवढा झाला. सगळ्यांत जास्त आनंद भाऊला झाला. आपल्या हातून झालेली चूक त्याला भरून काढायची होती. एका सकाळी तो हातमोजे आणि सुरी घेऊन आला.

"ताई, तुझी भाजी तयार! काढतो हं आता."

सुरी माझ्या एकुलत्या एका कोंबाला टेकली. ताईने डावा हात वर केला. तिचे तोंड वाकडे झाले आणि ती म्हणाली, "राहू दे."

भाऊच्या हातून सुरी पडली. "काय म्हणालीस? ताई, काय म्हणालीस?"

"राहू... दे."

वहिनी पुढच्या खोलीतून धावत आली. कुणाच्या तरी सदऱ्यावर इस्त्री तशीच राहिली आणि जळका वास घरभर पसरला, पण तिकडे कुणी गेले नाही. तिघेही एकमेकांना धरून रडत होते. माझा जीव वाचला होता, पण माझ्याकडे कुणी पाहतही नव्हते. ते माझ्यासाठी रडत होते की त्या दोन शब्दांसाठी, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मला मात्र त्यांचा मुळीच राग आला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शेजारात कुणी असेल, ज्याच्याजवळ शब्द थोडे आहेत. खूप म्हातारे, खूप लहान किंवा आजारी. त्याचे म्हणणे आपल्याला लगेच कळले असे वाटले, तरी कुदळ आणू नका. जवळ बसा, हात हातात घ्या आणि एकेक करून विचारा. वेळ लागेल, लागू द्या.