गुणी पोरगी

केनवडच्या मनकर्णाबाईंना आपल्या नातीचा भारी अभिमान. लहानग्या प्रयागला वर्ष उलटून गेलं, पण रडणं नाही, हट्ट नाही. "अशी गुनी पोट्टी गावात नाई," त्या सांगत सुटायच्या. गुणी कसली डोंबलाची! पोर बसत नव्हती, हसत नव्हती, खुळखुळा वाजवला तरी मान वळवत नव्हती. बाया मागून 'येडी निंगाली' म्हणायच्या आणि तिच्या आईच्या, सोजरच्या, काळजाला घरं पडायची. जन्मभर लेक अशीच राहिली तर?

शेवटी सोजर अडूनच बसली. तेव्हा कुठे नवरा, सासू आणि पोर अशी बैलगाडी रिसोडच्या दवाखान्यात पोचली.

डॉक्टर फय्याज लेकरांच्या बाबतीत मुलखाचे चिवट. नाडी बघितली, बाटली भरून दिली, हे त्यांना जमायचंच नाही. त्यांनी प्रयागला मांडीवर घेतलं, चुटकी वाजवली, पापण्या उघडून पाहिल्या. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीहून बारीक होत्या.

"थे कवा तरी हासते का, बाई?"

सोजरला आठवलं. "नंदेच्या लग्नात हासली होती, डाक्टरसाब. पयले लय रडली, मंग हासली. माह्यी बांगडी बी ओढली."

"तवा वावरात जात होती तू?"

"नाई. घरीच होती."

"मंग गोयी देल्ली नसन."

"घरी असल्यावर गोयी कायले देऊ?"

बोलता बोलता ती थांबली. गोळी म्हणजे अफूची. दिवस मावळेपर्यंत लेकरू निजून राहावं म्हणून त्या काळी वावरात जाताना घरोघरच्या बाया ती द्यायच्या.

मनकर्णाबाई उसळल्या. "साऱ्या गावाची लेकरं गोयीवर वाढली! हा इंद्रभान बी!"

डॉक्टरांनी सोजरच्या नवऱ्याकडे पाहिलं. इंद्रभान भिंतीला टेकून डुलक्या घेत होता.

"पोट्टी मले येडी वाटत नाई, नशेत हाय," ते सोजरला म्हणाले. "गोयी एकदम तोडू नको, थोडी थोडी कमी कर. लय रडन. रडू दे, कोनीतरी जवळ राहा."

प्रयाग रडली, अशी की कापूस वेचणाऱ्या बायांनी कान झाकून घेतले. झोळी बाभळीला, सासू झोळीपाशी आणि सोजर कपाशीत. एका दुपारी ते रडणं एकाएकी थांबलं. म्हातारीनं गोळी चारली! ओटीतला कापूस सांडत सोजर धावत सुटली.

प्रयाग काळ्या मातीत बसली होती. कुणी धरलेलं नव्हतं. मनकर्णाबाई दोन्ही हात पदरात गुंडाळून समोर बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हात नको लावू," त्या सुनेवर खेकसल्या. "आपल्या मनानं बसली थे."