दाराकडे तोंड असलेली खुर्ची

पस्तिशी उलटल्यावर मी पुन्हा विद्यापीठात नाव घातलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "बाकी सगळं कुणालाही विचार, संख्याशास्त्र मात्र मलाच." खरं तर मी त्यांना कधी काही विचारलंच नाही. मी गणित करत बसायचे, ते समोर बसून माझा चेहरा वाचायचे आणि मी अडले की नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवायचे. ते गेल्यानंतरच्या पहिल्याच परीक्षेत मी नापास झाले. फेरपरीक्षेतही तेच झालं, तर माझं नाव पटावरून कमी होणार होतं.

शिकवणीची फुकट सोय आहे असं सगळेच सांगत होते. कुठे आहे, हे मात्र कुणालाच धड ठाऊक नव्हतं. विभागातल्या कारकूनबाईंनी ग्रंथालयात धाडलं, ग्रंथपालांनी विद्यार्थी कक्षात. तिथल्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत मुलासाठी चौकशी करताय का असं विचारलं. मी स्वतःसाठी म्हटल्यावर ते ओशाळले आणि त्यांनी मला पुन्हा विभागाच्याच इमारतीत पाठवलं, फक्त तळघरात.

तळघरात एक लांबट खोली होती. टेबलं, प्रत्येक टेबलाला दोन खुर्च्या, भिंतीवर पुसट आकडे उरलेला फळा. दाराला पाठ करून बसायला मला आवडत नाही, म्हणून मी दाराकडे तोंड करून बसले. ती बाजू शिकवणाऱ्यांची, हे तिथे सगळ्यांना इतकं माहीत होतं की पाटी लावायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

एक मुलगी आली आणि समोर बसली. "मॅडम, हे एवढं सांगा ना."

मी इथली मॅडम नाही, हे सांगणारच होते. पण तिने वही सरकवली आणि गणित माझं परीक्षेत चुकलेलंच निघालं: चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला खरोखरच आजार असण्याची शक्यता किती? पहिल्या दोन ओळी मी सांगितल्या. चांगल्या सांगितल्या, आवाज माझा होता, पण शब्द बाबांचे. तिसऱ्या ओळीशी अडले. मला वाटलं, आता कुणीतरी बोट ठेवील.

तेवढ्यात खरा शिक्षक आला. विशीतला, हातात कॉफीचा कप. आपल्या जागेवर ही कोण नवी, असं त्याने विचारलं आणि सगळा उलगडा झाला.

मुलगी हसली. "म्हणजे तुम्हीपण नापास?"

"हो."

"मग ताई म्हणते. मॅडम कॅन्सल."

मी उठले आणि पलीकडच्या टेबलाची खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. शिक्षकाने इथला नियम सांगितला: अडलेली जागा आपण सांगायची, तोवर तो पेन्सिल उचलत नाही. मी सगळंच अडलंय म्हटलं. सगळंच कुणाचं अडत नसतं, असं तो म्हणाला. मला खरंच सांगता येईना. आपलं कुठे अडतं हे मला कधी माहीतच नव्हतं. ते दुसऱ्या कुणाला तरी माहीत होतं.

"चाचणी पॉझिटिव्ह आली, इथपर्यंत ताईंना येतं," मुलगीच म्हणाली. "पुढे त्या नुसत्या बघत बसतात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला काय दिसलं कोण जाणे. "आजाराऐवजी बल्ब घेऊ या का? खराब बल्ब. गणित तेच राहतं."

"नको. आजारच राहू दे."

"मग विचारा."

बाबांची चाचणीही पॉझिटिव्हच आली होती. मग आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला. "चाचणी चुकलेली असण्याची शक्यता... ती किती धरायची?"

"ती आपण धरायची नसते, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "गणितात दिलेली असते."

त्याने पेन्सिल उचलली. मला कळलं की नाही, हे अजून मला सांगता येत नव्हतं. मी तिसरी ओळ लिहायला घेतली.