गोणपाटाची उस्तवार

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावातल्या एका बंगल्यावर मी तीन वर्षं देखभालीला आहे, आणि त्यातली अडीच वर्षं एका कुत्र्यामागे गेली. त्याचं नाव गास्पार. नाव चैतालीताईंनी ठेवलेलं. बंगला त्यांचा, राहतात पुण्यात. महिन्यातून दोनदा येतात, त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात आणि जातात. जात त्याची फ्रान्सची, ग्रिफाँ निव्हर्ने, रानडुकरांच्या मागावर जाणारी. खुद्द तिकडेही मोजकीच उरलीत म्हणे. अंगभर राठ, विस्कटलेले राखाडी केस, हनुवटीला दाढी, आणि तोंडावर कायम कुणाच्या तरी मयतीला आल्याचा भाव. पहिल्या दिवशी बघितलं तेव्हाच मी म्हटलं, हे तर भिजलेलं गोणपाट. तेव्हापासून गावात त्याला गोणपाटच म्हणतात. ताईंसमोर म्हणत नाहीत, एवढंच.

त्याची उस्तवार म्हणजे काय ते सांगते. सकाळी त्याला फिरवायचं, म्हणजे त्याने मला ओढायचं. डुकराचा वास लागला की कारवीच्या झुडपांत घुसतो, मग हाका मारून घसा बसला तरी ढुंकून बघत नाही. घरी आणलं की पंजे बघायचे. लोंबते कान आतून कोरडे करायचे, नाहीतर पावसात कुबट वास मारतात. दाढी पुसायची, केस विंचरायचे. आणि मग गोचीड. डॉक्टरांची गोळी चालू असली तरी पावसाळ्यात रानात रोज जाणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड यायचे ते येतातच. एवढ्या केसांत ते दिसत नाहीत. बोटांनी चाचपायचं, तांदळाएवढं काही लागलं की केस बाजूला करायचे, उपटायचं आणि रॉकेलच्या डब्यात टाकायचं. रोज दीड तास. माझं वय बावन्न, चष्मा जुना, गुडघे त्याहून जुने. नवरा गेल्यापासून बंगल्यामागची खोली हेच माझं घर. तेव्हा कुरकुर कुणापाशी करणार?

भाद्रपदातला तो रविवार होता. आदल्या दिवशी मी एकेचाळीस गोचीड काढले होते आणि सकाळी उठून बघते तर पुन्हा कानामागे गुच्छ. खरं सांगते, मला त्या कुत्र्याचा राग आला. कुंपणापलीकडे शेजारचे रखमाजीआबा बैलांना गोचिडाचं औषध लावत होते.

"हिरे, किती उपटत बसतीस?" ते म्हणाले. "ह्ये घे जरासं. आमी बैलान्ला लावतो. म्हयनाभर बघाया नगं."

"कुत्र्याला चालंल का, आबा?"

"बैलाला चालतंय, कुत्र्याला का न्हाई चालनार? बादलीभर पान्यात झाकनभर टाक."

आबांनी सांगितलं ते बरोबर सांगितलं, पुढचं शहाणपण माझं. मी विचार केला, बैलाचं अंग उघडं असतं, याचे केस ही एवढे. पातळ औषध वरच्या वरच राहील, कातडीपर्यंत पोचणारच नाही. म्हणून पाणी अर्धा तांब्या घेतलं आणि झाकणं तीन. केस बाजूला करून करून मुळाशी चोळलं. आज तरी दीड तास वाचला म्हणून चहा ठेवला, आणि तो बसून प्यायले.

दुपारी त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. उठायला गेला तर मागचे पाय फाकले. मी ताईंना फोन केला आणि म्हणाले, "ताई, गास्पारला गोचीडताप आल्यावानी वाटतंय." ताई म्हणाल्या, "लगेच डॉक्टरांकडे न्या, मी निघते."

गावातल्या रिक्षात त्याला मांडीवर घेऊन बसले. रविवारी लोणावळ्याच्या रस्त्यावर गाडीला गाडी चिकटलेली. शेजारच्या गाडीतून एका मुलीने काच खाली केली आणि विचारलं, "काकू, कोणती ब्रीड आहे? सो क्यूट!" त्याची लाळ माझ्या लुगड्यातून मांडीपर्यंत झिरपली होती. मी तिला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, ताप बघितला. "ताप तर नाही," ते म्हणाले. "मावशी, अंगाला काही लावलंय का? औषध, फवारा, काहीही?"

"न्हाई," मी म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलं. खरं बोलले तर नोकरी गेली, नोकरी गेली की खोली गेली. भाजे गावाला भावाच्या दारात जाऊन उभं राहायचं या वयात? डॉक्टरांनी पायाचे केस सारून रक्त काढलं. "अंग तापलेलं नसलं तरी गोचीडतापाचं इंजेक्शन देऊन बघू," म्हणाले आणि बाटली शोधायला वळले. टेबलावर गोणपाटाचं अंग थरथरत होतं आणि त्याने मान माझ्या हातावर टाकली होती. ज्या हाताने चोळलं त्याच हातावर. त्याला काय कळतंय! मला मात्र ते सोसलं नाही.

"डाक्टर, मी खोटं बोलले," मी म्हणाले. "बैलाचं औषध लावलंय. तीन झाकनं. सकाळी."

ते रागावले नाहीत. हातातली बाटली ठेवून दुसरी घेतली आणि भराभर कामाला लागले. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. मग म्हणाले, "औषध केसांच्या मुळाशी मुरलंय. नुसतं धुवून निघणार नाही, सगळे केस काढावे लागतील. विचारा तुमच्या ताईंना."

ताईंचं पहिल्यापासून बजावणं होतं की कात्री लावायची नाही, या जातीची शान केसांत आहे. फोन लावला, तर ताई वाटेत, लागेना. "काडा," मी म्हणाले. "मी सांगते त्यान्ला."

दोन तास मशीन चालली. आतून निघालं एक बारकं, बरगड्या दिसणारं, साधंसुधं कुत्रं. धुतलं, पुसलं. संध्याकाळकडे थरथर थांबली आणि त्याने पाणी मागितलं.

ताई आल्या त्या दारातच थबकल्या. "हा कोण?"

मी सगळं सांगितलं, काही न राखता. झाकणंही सांगितली.

"होत नाही असं मला सांगायचं ना, मावशी."

"सांगितलं असतं तर तुमी दुसरी बाई आनली असती."

त्याच्या उघड्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "केस परत येतील ना?"

"येतील," मी म्हणाले. "पन पावसाच्या तोंडाला मी पुन्हा कापनार, ताई. फोटोत तसा न्हाई दिसनार. जित्ता दिसंल. न्हाई पटलं तर दुसरी बाई बगा."

आता जा म्हणतील, म्हणून मी पिशवी उचलली. ताईंनी मात्र माझ्याकडे न बघता डॉक्टरांना विचारलं, "ही मशीन कुठे मिळते? मला वापरायला शिकवाल? मावशींचे गुडघे दुखतात."

तेव्हा मी त्या दवाखान्याच्या फरशीवर बसले आणि रडले. गुडघ्यांचं मी कधीच बोलले नव्हते. त्यांना दिसत होते, अडीच वर्षं.