धवलारणीचा गळा

उरणकडच्या आगरी गावांत धवलारणीने धवला गायल्याशिवाय लग्नाला लग्नपण येत नाही, आणि सत्यवतीबाईंसारखी धवलारीण पंचक्रोशीत दुसरी नव्हती. साठी उलटली तरी गळा खणखणीत. तोच गेल्या वर्षी बसला. आधी नुसती खरखर होती, मग पार पुरुषी, जाडाभरडा झाला. नात दिपालीचं लग्न वैशाखात ठरलेलं. तिच्या हळदीला आपणच गायचं, एवढं एकच मागणं त्यांचं देवाकडे उरलं होतं.

गळा बसल्याचं त्यांनी गावभर सांगितलं. ज्येष्ठमध झालं, काढे झाले, पनवेलचा घशाचा डॉक्टरही झाला. पण हनुवटीवर राठ केस उगवतात, डोक्यावरचे विरळ होतायत आणि आपण मोरीला कडी लावून मुलाच्या रेझरने दाढी करतो, हे कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. लाजेपायी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला बाईने, दुसरं काय.

शेवटी सून क्रांती त्यांना डॉक्टर मैथिलींकडे घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी आवाज ऐकला, क्रांतीला बाहेर बसायला सांगितलं आणि आजींच्या हनुवटीवरून बोटं फिरवली. खुंट हाताला लागले. हे कधीपासून, असं त्यांनी हळूच विचारलं, तशी सत्यवतीबाईंना रडू फुटलं आणि सगळंच बाहेर आलं.

रक्तात पुरुषी हार्मोन भलतंच वाढलेलं निघालं. पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर हे असं झपाट्याने झालं, तर गाठ शोधायलाच हवी, असं डॉक्टर म्हणाल्या. सोनोग्राफीत ती सापडली. डाव्या अंडाशयात, सुपारीएवढी. तीच हे हार्मोन सोडत होती. ती काढली की हनुवटीवरचे केस कमी होणार होते.

"आन् माजा आवाज?"

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. "एकदा जाड झालेला आवाज सहसा परत येत नाही, आजी. आधी आला असतात, तर इतका गेला नसता."

"मना सांगाला लाज वाटली," सत्यवतीबाई म्हणाल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं, गाठही साधीच निघाली. घरात सगळे सुटकेचा निःश्वास टाकत होते, पण सत्यवतीबाईंना घरातलं माणूस गेल्यासारखं दुःख झालं होतं.

हळदीला शेजारच्या गावची केसर धवलारीण आणली. सत्यवतीबाई मागे, बायकांत बसल्या. पाटावरच्या दिपालीने मान वळवून आजीकडे पाहिलं, आणि काही केल्या ती हळद लावू देईना. अखेर सत्यवतीबाई उठल्या, केसरजवळ जाऊन बसल्या आणि गाऊ लागल्या.

मागून कुणीतरी विचारलं, "यो बाप्या कोन गातंय?"

सत्यवतीबाईंनी ते ऐकलं, आणि पुढची ओळ घेतली.