बिनलेबलची बाटली

बाटलीच्या गळ्याशी पिवळा ओघळ वाळला होता, आणि तो नखाने खरवडावा की नाही, एवढ्यातच राजदूत आन्सेल्म प्रॉस्पर यांचा अर्धा तास गेला होता... पाच बेटांचा मिळून एक राजदूत, ब्रसेल्समधली तिसऱ्या मजल्यावरची कचेरी, आणि टेबलावर दोन पत्रं. दोन्हींवर सही त्यांचीच व्हायची होती, पाचच्या आत. पहिलं लापेरल बेटाचं — मिरचीची ही चटणी आमची, युरोपात आमच्याच नावाने नोंदवा, सेंट ऑडनवाले चोर आहेत. दुसरं सेंट ऑडनचं — चोर कोण ते जगाला ठाऊक आहे. दोन्ही सरकारं आपले मालक. म्हणजे आधी मी मला चोर म्हणायचं, आणि मग मीच मला सभ्य भाषेत उलट चोर म्हणायचं...

"साहेब, तुमच्याकडून तुम्हाला आलेली तक्रार कुठल्या फायलीत लावू?" व्हर्लिनबाईंनी दारातूनच विचारलं. त्या इथल्या जुन्या सेक्रेटरी. चार राजदूत पचवून बसलेल्या.

"आधी सही तर होऊ दे, बाई."

"करून टाका हो! हे नोंदणीवाले साहेब दोन्ही बाटल्या हुंगून विचारणार, केचप आहे का?"

राजदूतांना हसू आलं. अकरा वर्षं हसूनच तर निभावलं — कुठल्याही बेटाच्या मंत्र्याने 'मूळचे कुठले?' विचारलं, की 'मी समुद्राचा' म्हणायचं आणि ग्लास उचलायचा... पण ऑडनच्या पत्रातली ती ओळ. 'लापेरलच्या बायकांना साधं मीठही नीट घालता येत नाही.' अरे वा! बाबाही हेच म्हणायचे, पक्के ऑडनचे ते, भर पंगतीत. आणि लापेरलहून लग्न होऊन आलेली आई बाटलीचं झाकण घट्ट करायची. आपल्या माहेरची चटणी तिने तीस वर्षं नवऱ्याच्या बेटाची म्हणून वाढली. सगळे बोटं चाटत लापेरलला हसले, मीही हसलो. ही बाटलीही तिचीच, गेल्या महिन्यात धाडलेली, नेहमीसारखी बिनलेबलची. आणि आता तिच्या मुलाने, सरकारी शिक्क्यानिशी, ते मिठाचं पुन्हा म्हणायचं?

त्यांनी झाकण उघडलं आणि बोटभर चटणी थेट जिभेवर घेतली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अगंबाई! पाणी आणू?"

"नको."

राग आला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा, कुणा एकाच्या बाजूने, चांगला सणसणीत राग... आणि तो इतका बरा वाटत होता, की पाणी पिऊन तो घालवणं त्यांच्या अगदी जिवावर आलं.