शंभर मीटरची चूक

मी एक जीपीएस यंत्र बोलतोय. हातात मावणारं, काळं, साबणाच्या वडीहून थोडं लांब. बोलतोय खरं, पण मान खाली घालून. आपली कहाणी सांगायला बसणारे बहुतेक जण आपण माणसांच्या किती उपयोगी पडलो ते सांगतात. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे आणि त्याची मला लाज वाटते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. १९९६ साली जहाजावर नोकरी करणाऱ्या विकीने मला सिंगापुरात विकत घेतलं आणि बारामतीजवळच्या कन्हेरीत आणलं, आपल्या मावसभावासाठी. हा मावसभाऊ म्हणजे बुद्धघोष सर. घराने छप्पन साली धम्म घेतला आणि दोनच महिन्यांनी ते जन्मले, म्हणून त्यांच्या आईने, रंगुबाईंनी, हौसेने हे नाव ठेवलेलं. ते शाळेत भूगोल शिकवत.

माझं काम साधं. उघड्यावर धरलं की आकाशातल्या उपग्रहांचं ऐकायचं आणि आपण कुठे उभे आहोत ते अक्षांश-रेखांशात सांगायचं. आता कन्हेरीच्या माणसाला आपण कन्हेरीत आहोत हे यंत्राने कशाला सांगायला हवं? चार दिवस सगळ्या आळीने मला हाताळून पाहिलं आणि मग मी कपाटात गेलो.

तिथून मला बाहेर काढलं दादासो सरांनी. हे त्याच शाळेत गणित शिकवायचे, राहायला लांब निरवांगीला. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, नोकरी करणारे हे पहिलेच. एकमेकांशिवाय डबा न उघडणारी ही जोडी. पण बुद्धघोष सरांची बदली बारामतीच्या शाळेत झाली आणि रोजची भेट तुटली. तेव्हा दादासो सरांनी एक खेळ काढला.

एकाने बिस्किटांचा पत्र्याचा डबा कुठेतरी लपवायचा. तिथे मला धरून आकडे टिपायचे, ते पोस्टकार्डावर लिहायचे आणि मला एसटीच्या सोपान कंडक्टरच्या हाती दुसऱ्याकडे धाडायचं. दुसऱ्याने माझ्या भरवशावर डबा हुडकायचा. डब्यात कधी शाईचं पेन असे, कधी गुळाचा खडा, कधी पोरांच्या उत्तरपत्रिकेतलं एखादं अचाट उत्तर. वाटेत कोणाला काही विचारायचं नाही, हा एक नियम. दुसरा जास्त कडक होता. डबा हातात असल्याशिवाय लपवणाऱ्याच्या दारात जायचं नाही. डबा घेऊन गेलं की मात्र पोटभर जेवण. चाळिशी ओलांडलेले दोन मास्तर रविवारी माळावर दगड उलथत फिरायचे. कोणी विचारलं तर जमिनीचा अभ्यास चाललाय म्हणायचे.

उघड्या माळावरचा डबा तासभर इकडेतिकडे फिरलं की सापडायचाच. मग ते माझी पाठ थोपटायचे. "आकाशातनं येतंय गड्या, ह्ये खोटं कसं असंल," असं दादासो सर म्हणायचे. मी ती पाठ थोपटून घेतली. माझी लाज तिथूनच सुरू होते.

कारण मी खरा नव्हतोच. ज्यांचे उपग्रह, त्यांनी आमच्यासारख्या सामान्य यंत्रांसाठी संदेश मुद्दाम थोडा बिघडवून सोडलेला. त्यामुळे मी कधी चाळीस मीटर चुकायचो, कधी शंभर. माझ्यासोबत आलेल्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तसं छापलं होतं. पण प्रश्न नीट वाचा म्हणून पोरांवर ओरडणाऱ्या या दोघांनी पुस्तिका बटणांच्या चित्रांपर्यंत वाचली आणि ठेवून दिली.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात बुद्धघोष सरांच्या बहिणीचं, प्रियदर्शनीचं लग्न ठरलं. वडिलांच्या माघारी त्यांनीच तिला वाढवलेलं. पत्रिका छापून आल्या. पहिली विहारात ठेवली. दुसरी दादासो सरांची. जवळच्या माणसाला पत्रिका त्याच्या घरी जाऊन, हातात द्यायची, ही रीत त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. पण त्यांना गंमत सुचली. पत्रिकेच्या मागे त्यांनी पेनाने लिहिलं, "मुलीकडून साक्षीदार म्हणून सही तुझी. आदल्या दिवशी ये." ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्यात घातली आणि डबा कालव्याच्या चारीवरच्या छोट्या पुलाखाली, मोरीत, एका दगडामागे ठेवला. शेजारी गेणबा शेतकऱ्याचा डोक्याच्या वर गेलेला ऊस. मला वर धरून त्यांनी आकडे टिपले, कार्डावर लिहिले आणि खाली एक ओळ टाकली, "या वेळी डब्यात खास तुझ्यासाठी काहीतरी आहे." ते आकडे चुकीचे आहेत हे मला त्याच क्षणी माहीत होतं.

पुढच्या रविवारी दादासो सर आले. मी त्यांना मोरीपासून दीडशे पावलं लांब, थेट उसात नेलं. उसात शिरल्यावर तर मला आकाशच दिसेना. दोन तास पाचट उपसून ते परत गेले आणि कार्ड टाकलं, डबा सापडत नाही. उत्तर आलं, "आकडे बरोबर आहेत. नीट शोध."

ते पुन्हा आले. या वेळी मी त्यांना विहिरीपाशी नेलं. ते वाकून मोटारीच्या खोलीमागे हात घालत होते, तेवढ्यात गेणबा काठी घेऊन आला.

"कोण हाय रं तितं? मोटार न्यायला आलास व्हय?"

सरांनी मी मास्तर आहे, डबा शोधतोय, असं सांगितलं. खुरपणीच्या बाया काम थांबवून हसायला लागल्या. गेणबा म्हणाला, "शिकलेली मानसं तुमी, लोकाच्या रानात डबं कसलं हुडकताय?" सर तसेच जाऊन एसटीत बसले. गाडीत मला मुठीत आवळून धरलं होतं त्यांनी. घरी येऊन ते बायकोला, मनिषाताईंना एवढंच म्हणाले, "बुद्धघोष मला येडा बनवतोय."

त्यांनी माझ्यावर संशय घ्यायला हवा होता. मित्रावर घेतला. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

लग्नाच्या चार दिवस आधी सोपान कंडक्टरने स्टँडवर विचारलं, "सर, कन्हेरीच्या लग्नाला निघालाय न्हवं?" सरांचा चेहरा उतरला. घरी मनिषाताई म्हणाल्या, "आवो, जाऊन या की. त्यांच्या घाईत ऱ्हायलं असंल."

"बोलवल्याबिगर जाऊ? मला पत्रिका न्हाय."

लग्नाच्या दिवशी ते घरीच बसून होते. दुपारी उगीच दोनदा कपडे बदलले. मी फळीवर पडून सगळं पाहत होतो. पत्रिका कुठे आहे हे त्या घरात फक्त मला माहीत होतं, आणि तेही चुकीचं.

जुलैत विकीचं पत्र आलं. "सर, आता नवीन यंत्र निघालंय. एका वेळी बारा उपग्रह धरतं, झाडीतही चालतं. जुनं माझ्याकडे द्या, मी नवं आणतो. बुद्धघोषदादाला वेगळं लिहीत नाही. दोघांनी मिळून ठरवा आणि कळवा." दोघांनी मिळून, हे सरांनी दोनदा वाचलं. मग जुनं कितपत चांगलं आहे ते तरी पाहू, म्हणून त्यांनी मला सुरू करून अंगणातल्या कट्ट्यावर ठेवलं आणि ते आत गेले. मला वाटलं, बदलतील तर सुटेन.

मनिषाताई कट्ट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली.

"आवो, ह्याचं आकडं बदलाय लागल्यात."

"चालताना बदलत्यातच."

"चालतंय कुठं? ह्ये तर जाग्यावरच हाय की."

सर बाहेर आले. दर पाच मिनिटांनी त्यांनी आकडे वहीत टिपले आणि गणित मांडलं. साठ मीटर. ऐंशी. मग शंभरच्या वर. ते उठले, पुस्तिका काढली आणि शेवटचं पान वाचलं. नव्या यंत्रालाही हीच खोड राहणार, हे त्या पानावरून स्पष्ट होतं. बारा उपग्रह धरले तरी बाराही तेच खोटं बोलणार. चोरी पकडली गेली की कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. बरं वाटलं, आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन कन्हेरीला गेले. डब्याशिवाय त्या दारात जाण्याची ही पहिलीच वेळ. बुद्धघोष सर दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. दादासो सरांनी मला पुढे केलं, वही दाखवली, सगळं सांगितलं.

"म्हंजे डबा तुला सापडलाच न्हाय?"

"न्हाय."

"गेणबा म्हनला, सर येऊन गेलं. मला वाटलं, डबा गावला, पत्रिका वाचलीस आन् दारात न येता माघारी गेलास. मला वाटलं, मांडव आमचा, बौद्धांचा, म्हनून..."

दादासो सर खालीच बसले. पत्रिका डब्यात होती, हे त्यांना आता कळत होतं. "आन् तू डबा बघाय गेला न्हाईस?"

"भ्या वाटलं. रिकामा निघाला असता तर?"

आम्ही तिघं मोरीवर गेलो, म्हणजे ते दोघं आणि मी. मला कोणी सुरू केलं नाही. बुद्धघोष सरांनी दगड सरकवला. डबा गंजला होता, पिशवीतली पत्रिका मात्र कोरडी. दादासो सरांनी मागची ओळ वाचली आणि विचारलं, "मग सही कुनी केली?"

"मामानं. तुझी वाट बघून."

डबा घेऊन ते घरी आले, तेव्हा रंगुबाईंनी ताट वाढलं. वाढता वाढता म्हणाल्या, "यंतर चुकलं, बरं. पर लग्न हाय म्हनून कळल्यावर तुला इचारायला येता आलं न्हाय? आन् ह्या आमच्या शहान्याला तुझ्याकडं जाता आलं न्हाय? तुमचं पाय कुनी धरलं व्हतं?" दोघंही खाली मान घालून जेवत राहिले. प्रियदर्शनी सासरी गेलेली. तिचा फोटो भिंतीवर होता, पण दादासो सरांनी तिकडे पाहिलं नाही.

निघताना त्यांनी विकीचं पत्र पुढे केलं. "काय कळवू? नवीन आनू द्यायचं का?"

"कशाला? नको म्हनून लिही," बुद्धघोष सर म्हणाले. "आता कुठं खेळनार हाय आपन."

आज मी निरवांगीत फळीवर आहे. विकीला लिहिलेलं नकाराचं पाकीट माझ्याच खाली ठेवलंय. आठ दिवस झाले, सरांनी ते पेटीत टाकलेलं नाही. रोज उचलतात, पत्ता वाचतात आणि परत ठेवतात.

माझ्यासारखी यंत्रं अडगळीत टाकलं जाण्याला भितात, मी भीत नाही. सर, ते पाकीट फाडा. नवं यंत्र आणा, तेही शंभर मीटर चुकेल, चुकू द्या. मला कुठेही टाका, पण माझ्यामुळे बंद पडलेला तो रविवार पुन्हा सुरू करा. आणि या वेळी डबा नाही सापडला, तरी दारात जा.